इंदिरा देवी (कूचबिहार)

महाराणी इंदिरा देवी (माहेरचे नाव: इंदिराराजे सयाजीराव गायकवाड, जन्म: १९ फेब्रुवारी १८९२, बडोदा, मृत्यू: ६ सप्टेंबर १९६८, मुंबई) या बडोद्याच्या मराठा राजघराण्यात जन्मलेल्या आणि विवाहानंतर उत्तर बंगालमधील कूचबिहार संस्थानाच्या महाराणी झालेल्या राजकन्या होत्या. पती महाराजा जितेंद्र नारायण यांच्या निधनानंतर १९२२ ते १९३६ या काळात त्यांनी अज्ञान मुलाच्या वतीने राजप्रतिनिधी म्हणून संस्थानाचा कारभार पाहिला. जयपूरच्या महाराणी गायत्री देवी या त्यांच्या कन्या होत.

भारतीय पेहरावाच्या इतिहासात इंदिरा देवींचे नाव मुख्यतः शिफॉनच्या साडीशी जोडले जाते. हे तलम फ्रेंच कापड साडीच्या मापाने विणून घेण्याची कल्पना त्यांनी रूढ केली. घरी आणि प्रवासात वस्त्रे, पादत्राणे व अलंकार निवडण्याची त्यांची दृष्टी त्या काळच्या उच्चभ्रू समाजात अनुकरणीय मानली गेली. त्यांचा युरोपातील दीर्घ मुक्काम आणि खर्च मात्र टीकेचा विषय ठरला.

पार्श्वभूमी आणि बालपण

इंदिराराजे या महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) आणि त्यांच्या द्वितीय पत्नी महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) यांच्या कन्या होत. सयाजीराव हे मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे. दत्तकविधानाने ते बडोद्याच्या गादीवर आले. चिमणाबाई या देवासच्या घाटगे घराण्यातील होत्या. बडोदा हे एकवीस तोफांच्या सलामीचा मान असलेले आणि हिंदुस्थानातील सर्वांत संपन्न संस्थानांपैकी एक संस्थान होते. इंदिराराजेंच्या जन्माच्या सुमारे दोन वर्षे आधी, १८९० मध्ये, लक्ष्मीविलास राजवाड्याचे बांधकाम पूर्ण झाले होते. त्यांचे बालपण याच राजवाड्यात भावंडांसोबत गेले.

बडोद्याच्या राजघराण्यात वस्त्रे आणि रत्ने यांची जुनी परंपरा होती. खंडेराव गायकवाडांनी तयार करवून घेतलेला मोत्यांचा गालिचा आणि बडोद्याच्या जवाहिरखान्यातील ‘स्टार ऑफ द साउथ’ हा हिरा जगप्रसिद्ध होता. राजस्त्रियांचा नित्याचा पेहराव महाराष्ट्रीय पद्धतीची नऊवारी साडी हा होता. जरीकाठी रेशमी नऊवारी कासोटा घालून नेसली जाई. तिची किंमत रेशमाचा पोत, काठापदराचे विणकाम आणि जरीचे वजन यांवरून ठरत असे. अशी वस्त्रे विकणारे व्यापारी गाठोडी घेऊन थेट वाड्यावर येत. पडदा पाळणाऱ्या घरांतील स्त्रियांची खरेदी बहुधा घराच्या आतच होत असे.

सयाजीरावांनी मुलीच्या शिक्षणात मुलांपेक्षा कमी केले नाही. इंदिराराजेंचे शिक्षण बडोद्यात झाले आणि महाविद्यालयात जाणाऱ्या पहिल्या काही राजकन्यांत त्यांची गणना होते. मराठीबरोबर इंग्रजी व फ्रेंच या भाषांवर त्यांचे प्रभुत्व होते. सयाजीराव १८८७ पासून वारंवार युरोपचा प्रवास करीत आणि कुटुंबालाही सोबत नेत. त्यामुळे लंडन व पॅरिस ही शहरे इंदिराराजेंना लहानपणापासूनच परिचित होती. महाराणी चिमणाबाई स्त्रियांच्या हक्कांचा पुरस्कार करीत. भारतीय स्त्रियांच्या स्थितीविषयी त्यांनी सहलेखक सि. मो. मित्र यांच्यासह लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९११ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. अशा घरात वाढलेल्या मुलीने स्वतःचे मत बाळगावे हे स्वाभाविक होते. तिच्या विवाहाच्या प्रश्नावर मात्र आईवडिलांचा दृष्टिकोन परंपरागतच राहिला.

ग्वाल्हेरशी ठरलेला विवाह

ग्वाल्हेरचे महाराजा माधवराव शिंदे यांच्याशी इंदिराराजेंचा विवाह ठरविण्यात आला. बडोदा आणि ग्वाल्हेर ही दोन्ही मोठी मराठा संस्थाने असल्यामुळे हा संबंध राजकीय दृष्ट्या अत्यंत अनुरूप मानला गेला. माधवराव इंदिराराजेंपेक्षा सुमारे पंधरा वर्षांनी मोठे होते. त्यांचा पूर्वी विवाह झालेला होता, परंतु अपत्य नव्हते. ग्वाल्हेरच्या अंतःपुरात पडद्याची चाल कडक होती. जगभर हिंडलेल्या आणि महाविद्यालयात शिकलेल्या मुलीला तेथे मोकळेपणाने वावरता येणे कठीण होते.

डिसेंबर १९११ मध्ये सम्राट पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणानिमित्त दिल्लीत दरबार भरला. हिंदुस्थानातील संस्थानिकांनी आपापल्या छावण्या तेथे उभारल्या होत्या. सम्राटांना अभिवादन करताना सयाजीरावांनी रीतीप्रमाणे वर्तन केले नाही, असा आरोप होऊन याच दरबारात मोठे वादळ उठले. बडोद्याच्या छावणीवर हे संकट असतानाच इंदिराराजेंची ओळख कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्र नारायण यांच्याशी झाली. जितेंद्र हे तत्कालीन महाराजा राजेंद्र नारायण यांचे धाकटे बंधू होते.

दरबार संपल्यावर इंदिराराजेंनी आईवडिलांना न सांगता माधवरावांना पत्र लिहून आपल्याला हा विवाह मान्य नसल्याचे कळविले. माधवरावांनी या पत्राचा अर्थ विचारणारी तार सयाजीरावांना पाठविली, तेव्हा घरच्यांना ही गोष्ट समजली. ठरलेले लग्न वधूने स्वतः मोडण्याची ही घटना त्या काळच्या राजघराण्यांत अभूतपूर्व होती. तिची चर्चा संस्थानी वर्तुळाबाहेरही झाली.

जितेंद्र नारायण यांच्याशी विवाह

जितेंद्र नारायण यांच्याशी विवाह करण्यास बडोद्याच्या राजदांपत्याचा विरोध होता. कूचबिहार हे तेरा तोफांच्या सलामीचे, तुलनेने लहान संस्थान होते. जितेंद्र गादीचे वारस नव्हते आणि ते मराठाही नव्हते. कूचबिहारच्या घराण्यावर ब्राह्मो समाजाचा प्रभाव होता. जितेंद्र यांच्या मातोश्री सुनीती देवी या ब्राह्मो पुढारी केशवचंद्र सेन यांच्या कन्या होत. हे कुटुंब पाश्चात्त्य राहणीसाठी प्रसिद्ध होते आणि त्यांच्या मेजवान्या कलकत्ता व लंडन येथील समाजात गाजत. नेमकी हीच बाब बडोद्याला खटकत होती.

सुमारे दीड वर्ष दोघांना परस्परांपासून दूर ठेवण्याचे प्रयत्न झाले, तरी इंदिराराजेंचा निश्चय बदलला नाही. अखेर ऑगस्ट १९१३ मध्ये लंडन येथे ब्राह्मो पद्धतीने त्यांचा विवाह झाला. आईवडील या विवाहास उपस्थित नव्हते. विवाहानंतर काही दिवसांतच राजेंद्र नारायण यांचे निधन झाले आणि जितेंद्र महाराजा झाले. अशा रीतीने धाकट्या राजपुत्राची पत्नी म्हणून सासरी निघालेल्या इंदिरा देवी महाराणी म्हणून कूचबिहारला पोहोचल्या. पुढे माहेराशी त्यांचे संबंध पूर्ववत झाले आणि त्यांची मुले आजोळी बडोद्यास येऊ लागली.

या दांपत्यास ईला, जगद्दीपेंद्र, इंद्रजितेंद्र, गायत्री व मेनका अशी पाच अपत्ये झाली.

वैधव्य आणि राजप्रतिनिधीपद

जितेंद्र नारायण यांचे २० डिसेंबर १९२२ रोजी, छत्तिसाव्या वाढदिवशी, लंडन येथे निधन झाले. त्या वेळी इंदिरा देवी तीस वर्षांच्या होत्या आणि थोरले पुत्र जगद्दीपेंद्र अवघे सात वर्षांचे होते. पाच लहान मुलांना घेऊन त्या हिंदुस्थानात परतल्या. या बोटीवरच्या प्रवासातील पांढऱ्या वस्त्रांतली शोकाकुल आई ही गायत्री देवींच्या अगदी आरंभीच्या आठवणींपैकी एक होती.

जगद्दीपेंद्र सज्ञान होईपर्यंत संस्थानाचा कारभार राजप्रतिनिधी म्हणून इंदिरा देवींकडे आला. १९३६ मध्ये त्यांनी सत्ता मुलाच्या हाती सोपविली. या चौदा वर्षांत कूचबिहारचा राजवाडा, कलकत्त्यातील ‘वुडलँड्स’ आणि दार्जिलिंग येथील ‘कॉलिंटन’ ही त्यांची प्रमुख निवासस्थाने होती. शिवाय हिवाळ्यातील शिकारीचा हंगाम इंग्लंडमध्ये घालविण्याची त्यांना आवड होती. घोडदौड, मेजवान्या आणि जुगार हे त्यांचे छंद सर्वश्रुत होते.

त्या काळच्या रूढीप्रमाणे विधवेने रंगीत वस्त्रे आणि अलंकार वर्ज्य करून समाजापासून दूर राहावे अशी अपेक्षा होती. इंदिरा देवींनी पांढरे वस्त्र स्वीकारले, पण समाजातून निवृत्त होणे नाकारले. पांढरी तलम साडी आणि मोत्यांच्या माळा हा पेहराव त्यांच्या नावाशी जोडला गेला. वैधव्याची खूण मानला जाणारा पांढरा रंग त्यांच्या अंगावर डौलाचा भाग झाला आणि सधवा स्त्रियाही त्या पेहरावाचे अनुकरण करू लागल्या.

पेहराव आणि खरेदी

शिफॉनची साडी

शिफॉन हे घट्ट पीळ दिलेल्या बारीक सुतापासून विणलेले, पारदर्शक व किंचित खरखरीत पोताचे कापड आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते रेशमापासूनच विणले जाई. फ्रान्समध्ये त्याचा उपयोग मुख्यतः स्त्रियांचे सायंकालीन पोशाख, ओढण्या आणि झालरी यांसाठी होत असे. कृत्रिम धाग्यांचे स्वस्त शिफॉन नंतर आले. नायलॉनचे शिफॉन १९३८ च्या सुमारास, तर पॉलिएस्टरचे १९५० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात दिसू लागले.

इंदिरा देवींना या कापडाचे महत्त्व हिंदुस्थानच्या हवामानामुळे जाणवले. समारंभात नेसण्याजोग्या रेशमी साड्या जड आणि उष्ण होत, तर सुती साड्या औपचारिक प्रसंगी साध्या दिसत. शिफॉन या दोहोंच्या मधले होते. ते सुती कापडाइतके हलके आणि रेशमाइतके भारदस्त होते. परंतु युरोपातील दुकानांत मिळणारे कापड पाश्चात्त्य पोशाखांच्या हिशेबाने विणलेले असे. साडीसाठी लागणारा पन्हा आणि अखंड लांबी त्यात मिळेलच असे नव्हते. इंदिरा देवींनी पॅरिसच्या व्यापाऱ्यांकडून साडीच्या मापाचे शिफॉन खास विणून घेतले. कापड दुकानात आहे तसे विकत न घेता आपल्या गरजेप्रमाणे तयार करवून घेण्याची ही रीत त्यांनी वाड्यावर येणाऱ्या विणकर-व्यापाऱ्यांच्या व्यवहारात लहानपणापासून पाहिली होती. तीच त्यांनी पॅरिसमध्ये वापरली.

या साडीला विणलेले काठ व पदर नसत. ठसठशीत जरीकाम नसल्यामुळे सारे लक्ष रंगाकडे आणि नेसण्याच्या पद्धतीकडे जाई. फिकट एकरंगी शिफॉन, त्यावर निवडक रत्ने आणि नेटकी चोळी अशी त्यांची मांडणी होती. बडोद्याची कासोट्याची नऊवारी सोडून त्यांनी निऱ्या पुढे व पदर खांद्यावर घेण्याची गोल पद्धत स्वीकारली. बंगालमध्ये ब्राह्मो कुटुंबांतील स्त्रियांनी चोळी व परकरासह साडी नेसण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच रुळविली होती. ठाकूर घराण्यातील ज्ञानदानंदिनी देवींचे नाव त्या बदलाशी जोडले जाते. सासरच्या या परंपरेला इंदिरा देवींनी नव्या कापडाची जोड दिली.

प्रवासाच्या दृष्टीनेही हे वस्त्र सोयीचे होते. त्या काळी मुंबईहून बोटीने युरोपला जाण्यास दोन ते तीन आठवडे लागत. जरीच्या साड्या मलमलीत गुंडाळून, घडीवर जर काळवंडू नये याची काळजी घेत न्याव्या लागत. शिफॉनच्या साड्यांना पेटीत थोडी जागा पुरे आणि त्या चटकन वाळत.

पादत्राणे

इंदिरा देवींचा दुसरा प्रसिद्ध शौक पादत्राणांचा होता. इटालियन कारागीर साल्व्हातोरे फेरागामो अमेरिकेत चित्रपट तारे-तारकांसाठी पादत्राणे बनवून १९२७ मध्ये मायदेशी परतले आणि फ्लॉरेन्स येथे त्यांनी आपला कारखाना थाटला. इंदिरा देवी त्यांच्या प्रमुख ग्राहकांपैकी एक होत्या. त्यांनी एका वेळी शंभर जोड मागविल्याचे सांगितले जाते. त्यांतील एका हिरव्या जोडाच्या टाचेभोवती मोत्यांची वळणदार रेघ होती, तर काळ्या मखमलीच्या जोडाला हिऱ्यांचे बक्कल होते. ही रत्ने इंदिरा देवींनी स्वतःच्या संग्रहातून पुरविली होती.

फेरागामो यांच्यासारखे कारागीर ग्राहकाच्या पायाचे माप घेऊन लाकडी कलबूत तयार करीत आणि ते कारखान्यात जपून ठेवीत. एकदा कलबूत झाले की ग्राहकाने जगात कोठूनही पत्राने मागणी पाठवावी आणि जोड टपालाने मिळवावा, अशी सोय होती. उत्तर बंगालमधील संस्थानात राहणाऱ्या ग्राहकासाठी फ्लॉरेन्सचे दुकान यामुळे एकाच भेटीत कायमचे जवळ येत असे. नऊवारीबरोबर चढाव किंवा वहाणा घालण्याची परंपरा असलेल्या घराण्यातील स्त्रीने साडीखाली उंच टाचेचे युरोपीय जोड वापरणे ही तेव्हा नवी गोष्ट होती. जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या गोल साडीच्या निऱ्यांशी अशा टाचांचा चांगला मेळ बसला.

घरची आणि प्रवासातील खरेदी

कूचबिहार हे स्वतः मोठे बाजारपेठेचे शहर नव्हते. तेथील श्रीमंत कुटुंबांची खरेदी कलकत्त्याहून होई. ब्रिटिश हिंदुस्थानची १९११ पर्यंतची राजधानी असलेल्या या शहरात १८७४ मध्ये उघडलेले न्यू मार्केट, चौरंगी भागातील युरोपीय पद्धतीची भांडारे आणि बडाबाजारातील कापडाच्या पेढ्या अशी तिन्ही प्रकारची बाजारपेठ होती. बनारसी शालूपासून विलायती टोप्यांपर्यंतचा माल तेथे मिळत असे.

लंडनमध्ये या कुटुंबाचा मुक्काम काही काळ हॅरॉड्स या विख्यात भांडाराच्या जवळ होता. लहानग्या गायत्री देवी एकट्याच त्या दुकानात जाऊन आपले पूर्ण नाव सांगत आणि खेळणी व भेटवस्तू कुटुंबाच्या खात्यावर मागवीत. हा प्रकार काही दिवसांनी उघडकीस आला. पुढे गायत्री देवींनी आपल्या आत्मचरित्रात ही हकिकत सांगितली आहे. नाव सांगताच माल मिळणे आणि पैशाचा हिशेब इतर कोणी पाहणे, ही त्या घराण्याच्या खरेदीची रीत त्यातून दिसते.

वस्तू जेथे उत्तम होते तेथूनच ती घ्यावी, असा इंदिरा देवींचा कटाक्ष होता. तो वस्त्रांपुरता मर्यादित नव्हता. लझान्या हा इटालियन पदार्थ कसा असावा हे आपल्या आचाऱ्याला समजावे म्हणून त्यांनी त्याला रोममधील आल्फ्रेडो या प्रसिद्ध उपाहारगृहात नेले होते. गायत्री देवींच्या विवाहासाठी त्यांनी केलेली खरेदीही अशीच होती. चादरी आणि टॉवेल फ्लॉरेन्स व चेकोस्लोव्हाकियाहून, पादत्राणे व त्यांना जुळणाऱ्या पिशव्या फेरागामो यांच्याकडून, तर रात्रीचे तलम पोशाख पॅरिसहून आले. हे सामान नंतर पॅरिसमधील हॉटेलातच राहून गेले आणि लग्नाआधी जेमतेम परत मिळाले. बारकाईने निवड करणाऱ्या इंदिरा देवी सामानाच्या बाबतीत विसराळू होत्या, असे त्यांच्या मुलीने नमूद केले आहे. गायत्री देवी आणि जयपूरचे महाराजा मानसिंह (दुसरे) यांचा विवाह मे १९४० मध्ये, दुसरे महायुद्ध सुरू असताना झाला.

स्वदेशी आणि खर्चाविषयीचे आक्षेप

इंदिरा देवींचा पेहराव ज्या काळात गाजला, तोच काळ विदेशी कापडाच्या बहिष्काराचा होता. बंगालच्या फाळणीनंतर १९०५ मध्ये स्वदेशीची चळवळ पसरली आणि ३१ जुलै १९२१ रोजी महात्मा गांधींच्या उपस्थितीत मुंबईत परळ येथे विदेशी कापडाची मोठी होळी करण्यात आली. अनेक सुखवस्तू घरांतील स्त्रियांनी रेशमी व विलायती वस्त्रे सोडून खादी स्वीकारली. या पार्श्वभूमीवर फ्रान्समध्ये विणलेली साडी हे राष्ट्रीय भावनेच्या विरुद्ध टोकाचे वस्त्र होते.

हा विरोधाभास त्यांच्या माहेरच्या इतिहासाकडे पाहता अधिक ठळक होतो. सयाजीरावांनी १९०२ मध्ये अहमदाबाद येथे काँग्रेसच्या अधिवेशनासोबत भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनाचे उद्घाटन केले होते आणि देशी उद्योगांची वाढ हा त्यांच्या धोरणाचा महत्त्वाचा भाग होता. महाराणी चिमणाबाईंच्या नावाने १९१४ मध्ये बडोद्यात सुरू झालेल्या स्त्री उद्योगालयात स्त्रियांना शिवण, भरतकाम व इतर कौशल्ये शिकवून स्वावलंबी केले जाई. आईने वस्त्रकलेकडे स्त्रियांच्या चरितार्थाचे साधन म्हणून पाहिले, तर मुलीने तिच्याकडे व्यक्तिमत्त्वाचा आविष्कार म्हणून पाहिले. पुढील काळात शिफॉनच्या प्रसाराचा परिणाम हातमागावरही झाला. समारंभासाठी विणलेल्या जरीकाठी साडीला हलका आणि आकर्षक पर्याय निर्माण झाल्याने श्रीमंत ग्राहकांचा एक वर्ग तिकडे वळला.

दुसरा आक्षेप पैशाचा होता. राजप्रतिनिधी या नात्याने इंदिरा देवी अज्ञान मुलाच्या संस्थानाच्या विश्वस्त होत्या. संस्थानाचे उत्पन्न मुख्यतः शेतसाऱ्यातून येत असे. त्यांचा युरोपातील दीर्घ मुक्काम व तेथील खर्च ब्रिटिश अधिकाऱ्यांना पसंत नव्हता आणि त्यांनी संस्थानात अधिक काळ राहावे असा आग्रह धरला जाई. या नाराजीमागे केवळ प्रजेच्या हिताची काळजी नव्हती. पुरुषाच्या देखरेखीशिवाय जगभर वावरणारी तरुण विधवा हाच अनेकांच्या दृष्टीने आक्षेपाचा विषय होता. अशाच स्वरूपाचा खर्च करणाऱ्या पुरुष संस्थानिकांची संख्या त्या काळी थोडी नव्हती. तथापि त्यामुळे शेतकऱ्यांच्या साऱ्यावर चालणाऱ्या संस्थानाच्या तिजोरीचा प्रश्न निकालात निघत नाही. इंदिरा देवींच्या मूल्यमापनात या दोन्ही बाजू विचारात घ्याव्या लागतात.

उत्तरायुष्य

मुलाच्या हाती कारभार दिल्यानंतर इंदिरा देवी हिंदुस्थान आणि युरोप येथे आळीपाळीने राहिल्या. थोरल्या कन्या ईला देवी यांचा विवाह त्रिपुराच्या राजघराण्यात झाला. मेनका देवी यांचा विवाह धाकटी पाती देवासचे महाराजा यशवंतराव पवार यांच्याशी झाला आणि त्यामुळे या कुटुंबाचा मराठा संस्थानांशी पुन्हा संबंध जुळला. गायत्री देवींच्या विवाहाबाबत आईच्या मनात शंका होती. मानसिंह यांचे आधीच दोन विवाह झालेले होते आणि जयपूरला पडद्याची चाल होती. जे स्थळ इंदिरा देवींनी स्वतः तरुणपणी नाकारले होते, जवळजवळ तसेच स्थळ मुलीने आपल्या पसंतीने स्वीकारले. इंदिरा देवींनी अखेर मुलीच्या निवडीला संमती दिली.

त्यांच्या उत्तरायुष्यात दुःखद घटनांची मालिका घडली. १९३९ मध्ये सयाजीरावांचे निधन झाले. १९४५ मध्ये कन्या ईला देवी आणि १९५१ मध्ये पुत्र इंद्रजितेंद्र यांचे अकाली निधन झाले. इंद्रजितेंद्र दार्जिलिंग येथील आगीत मृत्यू पावले. दरम्यान संस्थानांचे युग संपले. बडोदा संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. कूचबिहारही त्याच वर्षी भारतात विलीन होऊन १ जानेवारी १९५० पासून पश्चिम बंगालचा जिल्हा झाला. इंदिरा देवींचे ६ सप्टेंबर १९६८ रोजी मुंबईत निधन झाले.

प्रभाव

इंदिरा देवींनी रूढ केलेली शिफॉनची साडी त्यांच्या मुलीमुळे अधिक प्रसिद्ध झाली. गायत्री देवींची फिकट रंगाची शिफॉन साडी व मोत्यांची माळ ही वेशभूषा विसाव्या शतकाच्या मध्यात जगभरच्या नियतकालिकांतून छापली गेली. जयपूरच्या रंगाऱ्यांनी लहरिया आणि बांधणी हे पारंपरिक प्रकार शिफॉनवर उतरविले आणि राजस्थानातील उच्चवर्गीय स्त्रियांच्या पेहरावात या कापडाला कायमचे स्थान मिळाले. कृत्रिम धाग्यांचे शिफॉन स्वस्त झाल्यावर ही साडी मध्यमवर्गापर्यंत पोहोचली. हिंदी चित्रपटांतील नायिकांनी तिला लोकप्रियता मिळवून दिली आणि महाराष्ट्रातील शहरांत व तालुक्याच्या गावांतील कापड दुकानांत ती नित्याचा माल झाली.

फॅशनच्या इतिहासात त्यांच्याकडे दोन बाजूंनी पाहिले जाते. एका बाजूने त्या संस्थानी वैभवाच्या आणि परदेशी चैनीच्या प्रतिनिधी ठरतात. दुसऱ्या बाजूने, भारतीय स्त्रीने पाश्चात्त्य पोशाख न स्वीकारताही आधुनिक दिसता येते हे दाखविणाऱ्यांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे. युरोपच्या बाजारपेठेत वावरताना त्यांनी साडी सोडली नाही. उलट तेथील विणकर आणि कारागीर यांना साडीच्या गरजेप्रमाणे काम करावयास लावले.

कुटुंब

वडील: महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे), बडोदा
आई: महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या)
पती: महाराजा जितेंद्र नारायण, कूचबिहार (१८८६–१९२२)
अपत्ये: ईला देवी, जगद्दीपेंद्र नारायण, इंद्रजितेंद्र नारायण, गायत्री देवी (जयपूर), मेनका देवी (देवास)